माजघरातली नाटकं

सून दिवसभर वाचत बसते म्हणून सासूनं तिची पुस्तकं काढून घेतली आणि तिला तिच्या खोलीतच बसवून ठेवलं. नवरा परमुलखात लढाईवर. सुनेला बोलायला धड कुणी नाही. पुस्तकं गेली तर गेली, मग आपणच लिहू, असं म्हणून ती कविता रचायला लागली. आणि पुढे तिनं एक अख्खं पाच अंकी नाटक लिहिलं!

वाचताना तुम्हाला वाटलं असेल, ही आपल्याकडचीच कुणीतरी. कारण रमाबाई रानड्यांच्या आठवणी आपण वाचलेल्या असतात. नवरा शिकवतो म्हणून घरातल्या बायकांनी त्यांना किती टोचून बोललं, ते आपल्याला ठाऊक असतं. पण मैत्रिणींनो, ही गोष्ट आहे इंग्लंडची आणि तीही चारशे वर्षांपूर्वीची. तिचं नाव एलिझाबेथ केरी. तिचं नाटक 'द ट्रॅजेडी ऑफ मरियम' १६१३ साली छापून आलं, तेव्हा शेक्सपिअर जिवंत होता. एका बाईनं स्वतः रचलेलं आणि छापलं गेलेलं इंग्रजीतलं हे पहिलं नाटक मानतात. पण त्याचा प्रयोग मात्र तिच्या हयातीत कधी झाला नाही. आणि तो व्हावा म्हणून तिनं ते लिहिलंही नव्हतं. ते होतं वाचायचं नाटक.

नाटक, आणि तेही वाचायचं? ऐकायला जरा विचित्रच वाटतं. नाटक म्हटलं की आपल्याला तिसरी घंटा आठवते, पडदा आठवतो, मध्यंतरातला बटाटेवडा आठवतो. पण लिहिणाऱ्यानं मनाशी ठरवूनच लिहिलेली अशी नाटकं जगात पुष्कळ आहेत. एकट्यानं वाचावीत, नाहीतर घरातल्या चार माणसांनी गोल बसून, एकेकाचं बोलणं वाटून घेऊन मोठ्यानं वाचावीत. बी.ए.ला इंग्रजी घेतलेल्यांना मिल्टनचं 'सॅमसन अ‍ॅगोनिस्टिस' आठवत असेल. १६७१ सालच्या त्या नाटकाच्या सुरुवातीलाच त्यानं सांगून टाकलंय की हे रंगभूमीसाठी नाही. पण मिल्टनची गोष्ट वेगळी. त्याला रंगभूमी नको होती. बायकांना ती मिळतच नव्हती.

त्या काळच्या इंग्लंडात सार्वजनिक रंगमंचावर बाईनं उभं राहायचंच नाही, असा रिवाज होता. ज्युलिएट काय, डेस्डिमोना काय, सगळ्या कोवळी मुलं करायची. (आपण बालगंधर्वांचं कौतुक ऐकत मोठ्या झालो, त्यामुळे आपल्याला त्याचं फार नवल वाटायचं कारण नाही.) १६६० नंतर तिथे बायका रंगमंचावर दिसू लागल्या. मोठ्या घरातल्या बाईनं पैसे घेऊन नाटक कंपनीला नाटक लिहून देणं तर फारच लांबची गोष्ट. पण घरातल्या दिवाणखान्यात, नात्यातल्या, ओळखीतल्या माणसांसमोर वाचायला लिहिलं तर? त्याला कोण हरकत घेणार? दार बंद होतं, तिथे ह्या बायकांनी खिडकी शोधली म्हणा ना.

एलिझाबेथचा जन्म १५८५चा. आईवडलांची एकुलती एक. वडील वकील, पुढे मोठ्या हुद्द्याचे न्यायाधीश झाले. पोरीला वाचनाचं इतकं वेड की फ्रेंच, स्पॅनिश, इटालियन, लॅटिन, हिब्रू, दिसेल ती भाषा शिकायची. त्यातल्या बऱ्याचशा तर शिक्षकाशिवाय. रात्रभर वाचते म्हणून आईनं नोकरांना ताकीद दिली, हिला मेणबत्ती द्यायची नाही. मग पोरीनं काय केलं असेल? नोकरांनाच फितवलं. एकेका मेणबत्तीला भरपूर पैसे कबूल करून ती उधारीवर मेणबत्त्या घ्यायला लागली. बारा वर्षांची होईतो नुसत्या मेणबत्त्यांचं देणं शंभर पौंडांवर गेलं होतं! त्या काळचे शंभर पौंड. लग्नाच्या दिवशी तिनं ते फेडलं म्हणे.

तिच्या लहानपणची आणखी एक हकिगत आहे, ती सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. एका गरीब म्हातारीला चेटकीण म्हणून तिच्या वडलांपुढे उभं केलं होतं. करणी करून माणसं मारल्याचा आरोप. म्हातारी गुडघे टेकून थरथरत सगळ्याला हो म्हणत होती. दहा वर्षांची एलिझाबेथ तिथेच होती. ती वडलांच्या कानात पुटपुटली, "हिला विचारा, अमक्या माणसाला पण हिनंच मारलं का?" वडलांनी विचारलं. म्हातारी म्हणाली, "हो, मीच मारलं." आता तो अमका म्हणजे एलिझाबेथचा मामा, आणि तो तिथेच जिवंत उभा होता! मग म्हातारीनं रडत खरं काय ते सांगितलं. कबूल केलंस तर सोडू, नाही केलंस तर बघ, असं तिला धमकावलेलं होतं. म्हातारी सुटली. डाकीण ठरवून बाईला मारहाण झाल्याच्या बातम्या आपल्याकडेही येत राहिल्या आहेत, आणि २०१३ साली महाराष्ट्राला त्यासाठी जादूटोणाविरोधी कायदा करावा लागला. तेव्हा दहा वर्षांच्या पोरीनं विचारलेला तो एक प्रश्न मला फार मोठा वाटतो.

१६०२ साली, सतराव्या वर्षी तिचं लग्न झालं. नवरा हेन्री केरी. बायको श्रीमंत बापाची एकुलती एक, एवढंच त्याला पुरेसं होतं. पहिले काही दिवस ती माहेरीच होती. तिच्या नावानं नवऱ्याला जी पत्रं जायची, ती तिची आई दुसऱ्याकडून लिहून घ्यायची. पुढे सासरी गेल्यावर तिनं स्वतः पत्रं लिहिली. ती त्याला जास्त आवडली, पण ही दुसऱ्या कुणीतरी लिहून दिलेली असणार, असं त्याला वाटलं! बायकोचं पत्र बायकोनंच लिहिलं असेल, ही शंकासुद्धा त्याच्या मनाला शिवली नाही.

सासूबाईंचं तर सुरुवातीला सांगितलंच. पुस्तकं गेली आणि लिहिणं सुरू झालं. 'मरियम' ती लग्नानंतरच्या पहिल्या काही वर्षांत लिहीत असावी, असं अभ्यासक मानतात. म्हणजे विशी-बाविशीतली पोर.

आता त्या नाटकाकडे येऊ. कथा ज्यू लोकांच्या जुन्या इतिहासातली आहे. हेरॉड राजानं मरियमशी लग्न केलंय. तिच्यावर त्याचं वेड्यासारखं प्रेम आहे, पण तिच्या आजोबाला आणि भावाला त्यानंच मारवलंय. नाटक सुरू होतं तेव्हा बातमी आलीय की राजा परदेशात मारला गेला. मरियमला रडू येतंय आणि सुटल्यासारखंही वाटतंय, दोन्ही एकदम. आपण आजवर दुसऱ्यांविषयी किती बिनधास्त बोललो आणि आता आपल्यालाच आपलं मन कळत नाही, असं ती म्हणते. शिवाय तिला कळलंय की जाताना राजा गुपचूप हुकूम देऊन गेला होता, मी मेलो तर हिलाही मारा. का? तर माझ्यामागं ती दुसऱ्या कुणाची होऊ नये. ह्याला प्रेम म्हणायचं!

आणि बातमी खोटी निघते. राजा परत येतो. सगळे धावतात त्याचं स्वागत करायला. मरियमनं नुसतं हसून समोर जायचं, गोड बोलायचं, की सगळं निभावणार असतं. तिलाही ते पक्कं ठाऊक आहे. पण ती म्हणते, माझ्या चेहऱ्यावर एक आणि मनात दुसरं, हे मला जमणार नाही. ती काळे कपडे घालून त्याच्यासमोर येते आणि आजोबाचं, भावाचं काय केलंस ते तोंडावर बोलते. राजाची बहीण सलोमी ह्याच संधीची वाट बघत असते. ती विषाच्या पेल्याचं कुभांड रचते. राजा मरियमचा शिरच्छेद करवतो आणि मग पश्चात्तापानं वेडापिसा होतो. ते मरण समोर घडत नाही. एक निरोप्या येऊन सांगतो. वाचायच्या नाटकाची ही खूणच समजा. सगळं घडतं ते बोलण्यात.

आणि भांडण तरी कशावरून आहे? बाईनं बोलावं किती, कुणाजवळ, यावरूनच. नाटकात अधूनमधून एक वृंद येतो, जाणत्या माणसांसारखा सल्ला देतो. तो म्हणतो, बायकोनं नुसतं शरीर नवऱ्याला देऊन भागत नाही, तिचं मनही त्याचंच. मनातलं तिनं दुसऱ्या कुणाजवळ बोलायचं नाही. मला वाटतं, एलिझाबेथनं हे तिला घरी, देवळात, सगळीकडे ऐकवलं जात होतं तेच लिहिलंय. पण गंमत अशी की वृंद असा उपदेश करतो आणि मरियम त्याच्या पुढच्याच अंकात मनातलं बोलून मोकळी होते. लेखिका कुणाच्या बाजूची, ते वाचणाऱ्यानं ठरवायचं. खलनायिका सलोमी तर आणखी पुढचं विचारते. नवऱ्याला बायको नकोशी झाली तर तो काडी मोडू शकतो, मग बायकोनं का नाही मोडायची? मीच ही नवी रीत सुरू करीन, म्हणते. एवढा मोठा प्रश्न दुष्ट बाईच्या तोंडी घातला की कुणी लेखिकेला जाब विचारत नाही. हुशार होती बाई.

पुस्तकाच्या पहिल्या पानावर पूर्ण नाव नाही. विद्वान, सद्गुणी वगैरे विशेषणं आहेत आणि पुढे नुसती आद्याक्षरं.

पुढचं आयुष्य वाचताना वाटतं, नाटक लिहिणारी बाई आपल्याच नाटकात जाऊन पडली. अकरा मुलं झाली. १६२२ साली नवरा आयर्लंडचा कारभारी झाला, म्हणून हीही डब्लिनला गेली. तिथे रस्त्यावर भीक मागणारी मुलं बघून तिनं दीडशेच्या वर मुलं गोळा केली आणि त्यांना सूत कातणं, विणणं असले धंदे शिकवायला सुरुवात केली. ते काम पुढे बुडालं. आगीनं, पाण्यानं नुकसान झालं आणि हिशेबाचंही अंग तिला नव्हतं. बचत गटाचं काम केलेल्या कुणालाही हे वाचून आपलेच दोनचार अनुभव आठवतील. नवऱ्याच्या खर्चासाठी तिनं स्वतःची हक्काची तरतूद गहाण टाकली, तर त्या रागानं बापानं तिला वारसातून वगळलं. १६२६ साली तिनं उघडपणे कॅथलिक पंथ स्वीकारला. नवऱ्यानं पैसे बंद केले, मुलं काढून घेतली. घरात खायला नाही अशी वेळ आली. सरकारदरबारी अर्ज करून करून तिनं पोटगीचा हुकूम मिळवला, पण पैसे काही हाती येईनात. (हे मात्र मी गेल्या वर्षी आमच्या तालुक्याच्या कोर्टाच्या पायऱ्यांवर बसून जसंच्या तसं ऐकलेलं आहे.) तरी लिहिणं, भाषांतर करणं चालूच होतं. १६३९ साली ती गेली.

आपल्याला हे सगळं कळतं ते तिच्या मुलीमुळे. तिच्या चार मुली फ्रान्समधल्या कांब्रे इथल्या मठात जोगिणी झाल्या आणि त्यांतल्या एकीनं आईचं चरित्र लिहून ठेवलं. मेणबत्त्या, सासूबाई, म्हातारी, सगळं त्यातलं. ते हस्तलिखितच राहिलं आणि १८६१ साली छापलं गेलं. नाटकाचे प्रयोग तर विसाव्या शतकाच्या अखेरीस व्हायला लागले.

अशी ती एकटीच नव्हती. तिच्याही आधी सहाशे वर्षं जर्मनीत गांडरशाईमच्या मठात रोस्विता नावाची एक बाई होऊन गेली. दहावं शतक! टेरेन्स नावाच्या जुन्या रोमन नाटककाराची नाटकं लोक भाषेसाठी आवडीनं वाचतात आणि त्यात बायका मात्र भलत्याच रंगवलेल्या असतात, हे तिला सलायचं. म्हणून त्याच पद्धतीनं, पण खंबीर बायकांच्या, सहा नाटकं तिनं लॅटिनमध्ये लिहिली. मठातल्या बायकांनी ती बसून मोठ्यानं वाचली असावीत. त्यातल्या 'डल्सिशियस'मधला एक प्रवेश तर असा आहे की हसून पुरेवाट. एका हाकिमानं तीन बहिणींना कैद केलंय आणि भांडीकुंडी ठेवायच्या खोलीशेजारी कोंडलंय. वाईट बुद्धीनं तो रात्री त्यांच्याकडे जायला निघतो, पण देवाच्या करणीनं त्याला असा भ्रम होतो की तो अंधारात शिरतो भांड्यांच्या खोलीत. आणि मुली समजून पातेल्यांना, तव्यांना मिठ्या मारत बसतो! फटीतून बहिणी बघताहेत आणि एकमेकींना सांगताहेत. बाहेर येतो तेव्हा तोंड इतकं काळंठिक्कर की त्याचेच शिपाई त्याला ओळखत नाहीत, भूत समजून पळतात. हजार वर्षांपूर्वी एका जोगिणीनं हे लिहिलंय. १५०१ साली ते पहिल्यांदा छापलं गेलं.

आणि मार्गारेट कॅव्हेंडिश. ही मोठी सरदारीण. इंग्लंडात १६४२ ते १६६० या काळात धर्मकडव्या लोकांनी नाटकगृहंच बंद करून टाकली होती आणि हे नवराबायको परदेशी परागंदा. नाटकगृहच नाही तर नाटक वाचायलाच लिहायचं, नाही का? तिनं दोन जाडजूड पुस्तकं भरून नाटकं लिहिली, १६६२ आणि १६६८ साली छापली, आणि तीही स्वतःची ओळख न लपवता. त्यातल्या 'कॉन्व्हेंट ऑफ प्लेझर'ची नायिका लग्नच करत नाही. वडलांची इस्टेट मिळाल्यावर एक मोठा वाडा घेते, वीसेक मैत्रिणींना घेऊन तिथे राहते, पुरुषांना प्रवेश बंद. उपासतापास नाहीत, वैराग्य नाही, नुसतं सुखात राहायचं. गालिचे, मऊ अंथरुणं, ऋतूप्रमाणे फळं. आणि करमणूक म्हणून ह्या बायका आपसातच एक नाटक करतात. त्यात काय, तर एकीचा नवरा दारू पितो, एकीचं मूल जातं, एक बाळंतपणात अडते. प्रवेशामागून प्रवेश, लग्न झालेल्या बायकांचे हाल. शेवटी एक राजपुत्र बाईच्या वेशात आत घुसतो आणि व्हायचं ते होतंच. मला शेवट तितकासा आवडला नाही. पण तो सुरुवातीचा वाडा! भिशीच्या दिवशी सगळ्यांच्या मनात असतो तोच.

आता आपल्याकडे वळू. आपल्या मराठीत तर या नाटकांना सरळ नावच पडलं होतं, 'बुकिश' नाटकं. १८४३ साली सांगलीला विष्णुदास भाव्यांनी 'सीतास्वयंवर' केलं, तेव्हा नाटकाची संवादांसकट लिहिलेली वही नसायची. सूत्रधार पद्यं म्हणायचा, पात्रं आपापली भाषणं आयत्या वेळी जुळवायची. राक्षसांचा आरडाओरडा भरपूर. मग छापखाने आले, पुण्या-मुंबईची शिकलेली मंडळी संस्कृत आणि इंग्रजी नाटकांची भाषांतरं करू लागली. परशुरामतात्या गोडबोल्यांनी 'वेणीसंहार', 'उत्तररामचरित', 'शाकुंतल', 'मृच्छकटिक' एकामागून एक मराठीत आणली. १८६१ साली विनायक जनार्दन कीर्तन्यांचं 'थोरले माधवराव पेशवे' आलं. पुढे ह्यांतली काही नाटकं रंगभूमीवर गेली आणि गाजलीही, पण आधी ती पुस्तक म्हणून घरात आली. सभ्य घरातल्या बाईनं नाटकाला जायचं नाही, अशा त्या काळात घरात आलेलं नाटकाचं पुस्तक ही केवढी मोठी गोष्ट असेल, याचा मी पुष्कळदा विचार करते.

ह्याच सुमाराचं एक नाटक मात्र पुस्तक म्हणूनही घरात येऊ शकलं नाही. जोतीराव फुल्यांचं 'तृतीय रत्न', साल १८५५. तेव्हा जोतीराव अठ्ठावीस वर्षांचे होते, सावित्रीबाई चोवीस. आदल्याच वर्षी सावित्रीबाईंचा 'काव्यफुले' हा संग्रह आलेला. त्याच १८५५ साली त्यांच्या शाळेतल्या मुक्ता नावाच्या मांग समाजातल्या विद्यार्थिनीचा निबंध 'ज्ञानोदय'मध्ये छापून आला. म्हणजे ह्या एका घराभोवती नवरा, बायको आणि विद्यार्थिनी, तिघंही लिहिते होते!

जोतीरावांनी नाटक दक्षिणा प्राइझ कमिटीकडे पाठवलं. पेशवाईत ब्राह्मणांना दक्षिणा वाटायची, त्या पैशातला काही भाग इंग्रज सरकारनं मराठी ग्रंथांना बक्षिसं द्यायला वळवला होता. कमिटीनं नाटक नाकारलं. कमिटीतल्या भटसभासदांपुढे युरोपियन सभासदांचं काही चाललं नाही, असं जोतीरावांनी पुढे 'गुलामगिरी'त १८७३ साली स्वतःच नोंदवून ठेवलंय. नाटक बाजूला पडलं ते पडलंच. छापून आलं १९७९ साली, 'पुरोगामी सत्यशोधक' या नियतकालिकात. एकशे चोवीस वर्षांनी. आता ते महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाच्या 'महात्मा फुले समग्र वाङ्मय'मध्ये आहे, आणि तो ग्रंथ गावातल्या वाचनालयात विचारलात तर बहुधा मिळेल.

गोष्ट साधी आहे. कुणब्याची बायको गरोदर आहे. नवरा घरात नसताना दारात जोशी येतो. पोटातल्या जिवाला ग्रहांची पीडा आहे, असं सांगून तिला घाबरवतो. बाई घाबरते. कोण नाही घाबरणार? मग शांत, अनुष्ठान, जेवणावळ, दक्षिणा. गरिबाचं घर त्या खर्चात धुऊन निघतं. पुढे एका पाद्र्याशी गाठ पडते, वादविवाद होतो आणि त्या दोघांच्या लक्षात येतं की आपल्याला वाचता येत नाही, हेच खरं दुखणं. दोघंही, हो, दोघंही, फुल्यांच्या रात्रशाळेत जायचं ठरवतात. सगळ्या नाटकभर एक विदूषक मधेमधे येऊन तिरकस बोलत राहतो. पाद्र्याचं बोलणं जरा लांबतं, हे मान्य. पण जोशी आणि ती बाई यांचं सुरुवातीचं बोलणं इतकं खरं आहे, की तो आवाज आपण ह्याच आठवड्यात कुठेतरी ऐकला असावा असं वाटतं.

आमच्या महिला मंडळात आम्ही हे नाटक वाचलं. करायचं नाही, फक्त वाचायचं, असं आधीच ठरवलं होतं. कारण 'नाटक बसवू या' म्हटलं की आमच्याकडे दहाजणी गळतात. पाठांतर होत नाही, तालमीला सवड नाही, आणि मुख्य म्हणजे स्टेजवर उभं राहायला घरून परवानगी नाही. "वाचायचंय, बसून," म्हटल्यावर सगळ्या आल्या. झेरॉक्स काढल्या, माझ्याच हॉलमध्ये सतरंजी टाकली. जोशाचं काम करायला कुणी तयार होईना, शेवटी गुरुजींच्याच घरच्या वहिनी म्हणाल्या, "आणा इकडे, मी वाचते. मला सगळं पाठ आहे." हसून हसून पोट दुखलं. आणि त्यांनी वाचलंही असं, की नंतर कुणी हसेना.

विदूषक आमच्या एका सत्तरीच्या आजींकडे होता. त्यांचं शिक्षण चौथी. त्या अडखळत, बोट ठेवून वाचायच्या आणि विदूषकाचं वाक्य संपलं की वर स्वतःचं एक वाक्य घालायच्या. पहिल्यांदा मी अडवलं. मग लक्षात आलं, विदूषकाचं काम तरी दुसरं काय असतं?

वाचन मधेच थांबलं ते ग्रहांपाशी. एक मुलगी, दुसरेपणाची, सहावा महिना, सासूबाईंबरोबर आलेली. ती एकदम म्हणाली, "आमच्याकडे पण झाली की शांत. साडेअकरा हजार गेले." सासूबाई खाली बघायला लागल्या. कुणीतरी विचारलं, "आणि सोनोग्राफी?" तर ती व्हायची होती. पैसे पुढच्या महिन्यात येणार होते. खोलीत कुणी काही बोललं नाही. मी असल्या घरांत चकरा मारून, रक्त वाढायच्या गोळ्यांची पाकिटं दाखवून, घसा कोरडा करून आले आहे. तेव्हा ह्याच सासूबाईंनी मला "बघू, बघू" म्हणत चहा पाजून वाटेला लावलं होतं. त्या दिवशी त्या कागद पुढे ओढून म्हणाल्या, "थांबलात का? पुढे काय होतं तिचं, ते वाचा." पुढच्या सोमवारी सासूसुना दोघी ग्रामीण रुग्णालयाच्या रांगेत उभ्या असलेल्या आमच्या एका सेविकेला दिसल्या. नाटकामुळेच त्या आल्या, असं मी म्हणत नाही. पण आल्या.

तुमच्या मंडळात करून बघायचं असेल तर दोनतीन गोष्टी सांगते. एकदम पूर्ण नाटक घेऊ नका, तासाभरात होईल एवढंच घ्या. कामं वाटताना ज्येष्ठपणा बघू नका, नाहीतर नायिका नेहमी अध्यक्षाच होतील. वाचता न येणाऱ्या बायकांनाही बोलवा. त्यांना एकदोन वाक्यं आधी सांगून ठेवली तर त्या आपल्याहून चांगली म्हणतात. दिवाकरांच्या नाट्यछटा सुरुवातीला फार सोयीच्या, कारण त्या छोट्या आहेत, एकीनंच वाचायच्या असतात आणि पुष्कळजणींनी शाळेत केलेल्या असतात. आणि भाषा जुनी आहे म्हणून घाबरू नका. फुल्यांचं मराठी डोळ्यांनी वाचताना अडतं, पण तोंडानं वाचलं की सरळ कानात शिरतं.

आमचं पुढचं वाचन रोस्विताच्या त्या भांड्यांच्या प्रवेशाचं ठरलंय. इंग्रजीच्या एक निवृत्त बाई आमच्यात आहेत, त्यांनी इंग्रजी भाषांतरावरून तो आमच्या बोलीत उतरवून दिलाय. वाचायचंच आहे, सामान काही लागत नाही, असं मी चारदा सांगून झालं. तरी त्या दिवशी काळी पातेली कुणी आणायची, यावरून दोघींची सध्या जुंपली आहे.